दहा दिवस चुलीविना: कच्चा वनस्पती-आहार गटाने कसा करावा

कच्च्या आहाराचा संकल्प बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडतो, आणि तो मोडतो ओट्यापाशी. सकाळी सातला दोन डबे भरायचे, पोळ्या लाटायच्या, भाजीला फोडणी द्यायची आणि त्यानंतर स्वतःसाठी वेगळं अर्धा किलो चिरत बसायचं, हे रोज जमत नाही. भूक लागलेली असते, समोर गरम पोळी असते, आणि कोशिंबिरीची काकडी अजून सोलायची असते. अशा वेळी हात पोळीकडे जाणारच. म्हणून या लेखात काय खावं याइतकीच जागा मी गट कसा बांधावा यालाही दिली आहे. आमच्या वसाहतीतल्या बायका-पुरुषांचा गट हिवाळ्यात हे करतो. तो टिकला, कारण कामाची वाटणी आधी झाली आणि आहाराचं बाकीचं ठरवणं नंतर.

कार्यक्रम असा आहे: चार दिवस तयारी, दहा दिवस न शिजवलेली फळं, भाज्या, मोड, दाणे आणि खोबरं, मग चार दिवस नेहमीच्या जेवणाकडे परत. दहापेक्षा जास्त दिवस करू नये. त्याचं कारण पुढे येईल.

यातून काय मिळतं

‘शरीरातली विषं बाहेर काढणारा आहार’ अशी याची जाहिरात होते. रक्तातलं नको ते बाजूला काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. कुठल्याही रसाने किंवा चूर्णाने त्या कामात भर पडत नाही. लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल पिऊन ‘पित्ताशयातले खडे पडले’ असं सांगणारे भेटतात. ते हिरवट गोळे बहुधा त्याच तेलाचा आतड्यात झालेला साबण असतो. गटात हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलावं, कारण चुकीची अपेक्षा घेऊन आलेला माणूस पुढे चुकीचा धोका पत्करतो.

खरा फायदा साधा आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. दहा दिवस बिस्किटं, फरसाण, वडापाव, साखरेचा चहा पोटात जात नाही. चोथा भरपूर जातो, पोट साफ राहतं. मीठ-साखर कमी झाली की जीभ हळूहळू ताळ्यावर येते. आठव्या-नवव्या दिवशी नुसतं गाजर गोड लागतं, आणि ती चव नंतरही बरेच आठवडे टिकते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-सूचनांमध्ये रोजच्या २,००० कॅलरींच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्यापैकी किती जण रोज ४०० ग्रॅम भाजी खातात? या दहा दिवसांत तो आकडा डोळ्यांना आणि हातांना कळतो.

ही कल्पना नवी नाही. झुरिकच्या डॉ. बिर्खर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या आरोग्यधामात रुग्णांना कच्ची फळं-भाज्या द्यायला सुरुवात केली. आज खोक्यातून विकली जाणारी म्यूसली मूळची त्यांचीच. आपल्याकडे १९२९ साली गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमात काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला: मोड आलेले गहू, वाटलेले दाणे, पालेभाजी, लिंबू. त्याची हकीकत ते ‘यंग इंडिया’ या आपल्या साप्ताहिकात लिहीत होते. त्यांना आमांशाचा त्रास झाला तेव्हा त्यांनी प्रयोग थांबवला आणि तेही उघडपणे लिहिलं. गटाने करायच्या कुठल्याही आहार-प्रयोगाचा हा मला सर्वांत चांगला नमुना वाटतो: सोबत माणसं, रोजची नोंद, आणि शरीराने नको म्हटलं की थांबायची तयारी. पुढे १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार सुरू केला. तो आश्रम आजही चालू आहे. तिथे राहून उपचार घेणाऱ्यावर डॉक्टरांची नजर असते. आपण घरी करणार असू तर ती नजर गटालाच पुरवावी लागते.

कोणी करू नये

ही यादी बैठकीत मोठ्याने वाचावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठराच्या आतली मुलं, मूत्रपिंडाचा आजार असलेले, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले, क्षयाचे रुग्ण, आतड्याला सूज किंवा व्रण असलेले, मुळातच वजन कमी असलेले, आणि खाण्याशी ज्यांचं नातं कधी बिघडलेलं होतं अशी माणसं. यांनी गटात यावं, चिरायला बसावं, पण स्वतःचं जेवण नेहमीचंच ठेवावं.

मूत्रपिंडाच्या रुग्णांबद्दल जरा थांबून सांगते. शहाळं, केळी, संत्री, पालेभाज्या यांत पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी माणसाची मूत्रपिंडं जास्तीचं बाहेर टाकतात, आजारी मूत्रपिंडांना ते जमत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. करमळं (स्टारफ्रूट) तर अशा रुग्णाने चाखूही नये. त्यातल्या घटकाने उचकी, गोंधळलेपण, अगदी झटकेही येतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याची साखर भाकरी-भात बंद झाल्यावर एकदम खाली येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच: मीठ आणि वजन उतरलं की तोच डोस जड होतो. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा एसिट्रोम घेणाऱ्याने पालेभाजी अचानक वाढवली तर त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो. या तिन्ही गटांतल्या माणसांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि डॉक्टर नको म्हणाले तर दुपारच्या जेवणात एक मोठी वाटी कोशिंबीर वाढवण्यावर समाधान मानावं. गोळी स्वतःच्या मनाने कोणी बंद करायची नाही.

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं) आणि बी-१२ तपासून घ्यावं. बी-१२ साठी आग्रह धरण्याचं कारण असं, की वनस्पतींमध्ये ते भरवशाने मिळत नाही आणि आपल्याकडे ते मुळातच कमी असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. दहा दिवस दूध-दही सोडल्याने नवी कमतरता येत नाही, पण जुनी असेल तर ती आधी भरून काढावी.

गट बांधताना

सहा ते आठ माणसं पुरेत, आणि ती चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहणारी हवीत. मोबाइलवर उत्साह देणारी दूरची मैत्रीण हवीच, पण डबा तिच्याकडून येणार नाही.

मुख्य व्यवस्था डब्याची. आठ जण असतील तर दुपारचं जेवण रोज एकाने आठांसाठी करायचं. एक दिवस कष्टाचा, सात दिवस डबा दारात. भिशीत पैसे फिरतात तसे इथे कष्ट फिरतात. आठ माणसांचं चिरायला दोन तास लागतात, म्हणून ज्याची पाळी असेल त्याच्याकडे आणखी एकाने विळी घेऊन जायचं. हे चिरण्याचे दोन तास सगळ्यांना सर्वांत जास्त आवडतात असं मी पाहिलं आहे. कोणाचं पोट कसं आहे, कोणाला काल रात्री वडे तळल्याचा वास कसा आला, हे सगळं तिथेच बोललं जातं. सकाळचं आणि रात्रीचं मात्र प्रत्येकाने आपापलं करायचं, कारण ते सोपं असतं.

नोकरी करणाऱ्यांची पाळी शनिवार-रविवारी लावावी. खरेदी दोनदा, सगळ्यांची एकत्र, मंडईतून घाऊक भावाने. जमाखर्च एकानेच ठेवावा.

दुसरी व्यवस्था मी आग्रहाने सांगते: गटात एक माणूस असा ठेवा, जो हा आहार करत नाही. शक्य असेल तर डॉक्टर किंवा परिचारिका, नाहीतर शांत डोक्याची कोणीही व्यक्ती. तिला एक अधिकार द्यायचा. तिने कोणाला ‘आज पुरे, जेव’ म्हटलं की वाद न घालता जेवायचं. सगळे एकाच जोमात असले की चक्कर येणाऱ्यालाही ‘अजून दोनच दिवस’ असं सांगितलं जातं. बाहेरच्या माणसाला तो जोम चढलेला नसतो.

मग प्रत्येकाची जोडी लावावी. जोडीदाराने रात्री एकदा फोन करायचा: काय खाल्लं, लघवी नीट झाली का, झोप लागली का. व्हॉट्सॲपच्या गटावर दिवसाला दोनच निरोप, सकाळी जेवणाचा बेत आणि रात्री नोंद. वजनाचे आकडे तिथे टाकायचे नाहीत. पहिल्या चार-पाच दिवसांत जे वजन उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं. शेजारणीचे दोन किलो उतरले आणि आपला अर्धाच, एवढ्यावरून माणसं खाणं कमी करायला लागतात.

गटात कोणी पावडर, काढा, ‘किट’ विकायचं नाही. आधी ओळखीतून सल्ला, मग डबा, मग महिन्याचा हप्ता, असं करत करत चांगले गट बाजार होतात. आणि मध्येच सोडणाऱ्याला डबा पोचत राहील: तो शिजवलेलं जेवेल आणि सोबत कोशिंबीर खाईल. त्याला काही ऐकवायचं नाही.

घरातल्यांशीही आधी बोलायला हवं. बाई कच्चं खाणार आणि घरादाराला गरम गरम वाढणार, ही दहा दिवसांची शिक्षा आहे. या दिवसांत रात्रीच्या पोळ्या नवरा, मुलगा किंवा सासरे करतील, की शेजारच्या पोळीवाल्या काकूंकडून आणायच्या, ते ठरवूनच तारीख काढा.

तारीख कुठली

हिवाळा. गाजरं, कोवळी मेथी, हरभऱ्याचा पाला, मटार, सोलाणे, मुळे, पेरू, बोरं, आवळे, ओली हळद, सगळं एकदम मंडईत येतं. आमच्या भागात पौष सोयीचा पडतो, कारण लग्नं नसतात. फक्त भोगी आणि संक्रांत वगळून दिवस धरावेत. भोगीची बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी चुकवू नये.

पावसाळ्यात हा कार्यक्रम करू नये. चिखलपाण्यातली पालेभाजी कच्ची खाणं म्हणजे जुलाब, कावीळ, विषमज्वर यांना दार उघडणं आहे. उन्हाळ्यात करायचाच झाला तर फळं वाढवावीत आणि मीठ घातलेलं लिंबूपाणी रोज घ्यावं. घाम भरपूर आणि मीठ शून्य, असं झालं तर अशक्तपणा येतो.

तयारीचे चार दिवस

चहा-कॉफी एकदम तोडली तर दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकतं. ‘विषं निघताहेत’ असं त्याचं वर्णन केलं जातं, पण ती कॅफीन थांबल्याची डोकेदुखी असते. रोज अर्धा कप कमी करत जा. याच दिवसांत रात्रीच्या जेवणात मोठी वाटी कोशिंबीर सुरू करा, म्हणजे आतड्यांना चोथ्याची सवय होईल आणि पोट फुगणार नाही. किसणी, विळी, मिक्सर, मोठी पातेली, मोडांसाठी सुती पंचे, कोणाकडे काय आहे ते बघून ठेवा. ज्यांना कवळी आहे किंवा दात दुखतात त्यांच्यासाठी सगळं किसून द्यावं लागेल, हेही लिहून ठेवा.

धुणं: इथे कसूर नको

शिजवताना विस्तव जंतू मारतो. आपण विस्तव काढून टाकतोय, म्हणजे ते काम पाण्याने करायचं आहे, आणि पाणी तितकं समर्थ नाही. म्हणून जुडी सोडवून, मुळं कापून, पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुवावं. कोबीची वरची तीन-चार पानं काढून टाकावीत आणि उरलेली एकेक सोडवून धुवावीत. कोबीतून मेंदूत किडे जातात असं म्हणतात. त्यामागची खरी गोष्ट अशी, की माणसाच्या विष्ठेतून आलेली फीतकृमीची अंडी मातीतून, सांडपाण्यातून कुठल्याही भाजीला चिकटू शकतात. पोटात गेली तर त्यातून मेंदूत गाठी होतात. गाजर, मुळा, कोथिंबीर यांनाही तोच नियम.

नुसत्या मिठाच्या पाण्यावर भिस्त ठेवू नये. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फळं-भाज्यांसाठी दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात बुडवून मग पिण्याच्या पाण्याने धुवायला सांगितलं होतं. औषधाच्या दुकानात क्लोरीनचं द्रावण किंवा गोळ्या मिळतात. पाकिटावरचं प्रमाण बघून पाणी तयार करा. भांड्यांचा साबण भाजीला लावू नका. धुतलेली पानं पंच्यावर पूर्ण निथळू द्या, ओली डब्यात भरली की दुपारपर्यंत कुबट होतात.

मोडांबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली. सुमारे चार हजार माणसं आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. बियांना मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. म्हणून आम्ही मूग-मटकी आठ तास भिजवतो, पंच्यात बांधतो, बारा तासांनी पंचा आणि मोड दोन्ही धुतो, मोड दाण्याएवढे झाले की उकळत्या पाण्यातून अर्धा-एक मिनिट काढून लगेच गार पाण्यात टाकतो. काटेकोर अर्थाने ते कच्चे राहत नाहीत, धोकाही शून्य होत नाही, पण बराच कमी होतो आणि दाणा खुसखुशीतच राहतो. बुळबुळीत झालेले किंवा वास येणारे मोड टाकून द्या. उरलेले फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही.

जे कच्चं कधीच खायचं नाही

राजमा, मोड आलेला असला तरी. त्यातल्या विषारी प्रथिनाने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. वाल, पावटाही नको. अळू, सुरण घशाला खाजतात ते त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हिरवट बटाटा, शाबूकंद, ओळख नसलेली रानभाजी आणि अळंबी, सगळं बाद.

दुधीच्या रसाचा वेगळा उल्लेख हवा, कारण तो ‘डिटॉक्स’च्या नावाखाली सर्रास प्यायला जातो. दुधी कधी कधी कडू निघतो आणि त्यातल्या कुकुरबिटासिन या कडू विषामुळे रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं, मृत्यूही झालेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलेलं लक्षात ठेवा: रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर थुंका आणि दुधी फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका. आम्ही दुधीचा रस ठेवलेलाच नाही. पालकाच्या रसाचे रोजचे मोठे पेलेही नकोत. त्यातलं ऑक्झलेट मूतखडा असलेल्यांना भोवतं. एकूणच रसापेक्षा अख्खं फळ, अख्खी भाजी बरी. चोथाच गाळून टाकायचा तर एवढा खटाटोप कशासाठी?

ताटात काय

सर्वांत जास्त चुकतं ते इथे. माणसं काकडी, टोमॅटो, गाजर पोटभर खातात आणि चौथ्या दिवशी गळून जातात. एक किलो काकडी खाल्ली तरी दीडशेच कॅलरी मिळतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त आणि २५ ग्रॅम प्रथिनं, ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे. म्हणजे पोट भाजीने भरायचं आणि अंगात ताकद दाणे, खोबरं, तीळ, बदाम, केळी, खजूर यांनी आणायची. ‘शेंगदाणे पचायला जड’ म्हणून ते वगळणाऱ्या बाईला बाहेरच्या माणसाने लगेच टोकावं.

साधारण दिवस असा: सकाळी कोमट पाणी-लिंबू. न्याहारीला दोन केळी, वाटीभर पपई, रात्री भिजवलेले दहा बदाम, चार खजूर. दुपारच्या डब्यात ३०० ग्रॅम भाज्यांची कोशिंबीर, वाटीभर मोड, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, दोन-तीन चमचे ओलं खोबरं. चारच्या सुमारास मोठा पेरू आणि तीळ-खजूर कुटून केलेला लाडू. रात्री घोळाणा, गाजर-मुळ्याच्या चकत्या, पेलाभर सोलकढी. एवढ्यात साधारण १,४०० ते १,५०० कॅलरी होतात. अंगमेहनत करणाऱ्याने न्याहारी आणि दाणे दुप्पट करावेत. मीठ बंद करू नये.

कच्चं खायची आपली परंपरा मोठी आहे, त्यामुळे परदेशी पाककृती शोधत बसायची गरज नाही. कोशिंबिरी, पचडी, मुळ्याचा चटका, कैरी-कांद्याचा तक्कू, खानदेश-विदर्भाकडचा घोळाणा, कोकणातली सोलकढी. फोडणी तेवढी वगळायची. तिची उणीव भरून काढायला जिरं-मिरी खलबत्त्यात ताजं कुटून वरून घालावं. लिंबू पिळलं की मोडांतलं आणि पालेभाजीतलं लोहही अंगी लागतं.

घोळाण्याची कृती देते, कारण डब्यात तोच सर्वांत आधी संपतो. कोवळी मेथी, पानंच घ्यायची, बारीक चिरून मीठ लावून पाच मिनिटं ठेवायची. मग बोटांनी हलकी चुरायची, मेथी निम्मी होते आणि कडूपणा उतरतो. त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची, किसलेलं गाजर, भिजवून जाडसर वाटलेले कच्चे शेंगदाणे, लिंबू आणि घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा एक चमचा. तेल विसरू नका, गाजर आणि पाल्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य स्निग्धाबरोबरच शोषलं जातं. मेथीऐवजी हरभऱ्याचा कोवळा पाला घेतला तर मीठ बेताने, तो मूळचाच आंबट-खारट असतो. दाणे निवडताना काळे, बुरशीचे, सुरकुतलेले कटाक्षाने बाजूला काढा.

सोलकढी डब्यात देऊ नये. नारळाचं दूध तीन-चार तासांत आंबायला लागतं. ज्याने त्याने रात्री ताजी करावी.

दहा दिवसांत काय होतं

पहिले दोन दिवस उत्साहाचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गॅस, पोट गुडगुडणं, दिवसातून दोन-तीनदा शौच. मोड कमी करा, कोबी-मुळा एक दिवस थांबवा, सावकाश चावा. जबडा दुखतो, तो किसून खाल्लं की राहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वांत जड जातं: थंडी वाजते, गरम वरणभाताची आठवण येते, चिडचिड होते. त्या दिवशी गटाने संध्याकाळी एकत्र बसून जेवावं. कोमट पाण्यात आलं-लिंबू-गूळ घेतला तर कोणाचं काही बिघडत नाही. सहाव्यानंतर बहुतेकांना हलकं वाटतं.

व्यायाम चालण्याइतकाच. एनिमा, कॉफीचा एनिमा, मिठाचं पाणी पिऊन जुलाब करणं, असलं काही घरी करायचं नाही. क्षार बाहेर जाऊन जिवावर बेतू शकतं.

थांबायच्या खुणा कागदावर लिहून प्रत्येकाच्या फ्रिजवर लावाव्यात: उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, ताप, दिवसभर न थांबणारे जुलाब किंवा उलट्या, शौचात रक्त, लघवी फार कमी होणं, ७० च्या खाली साखर. यातलं एकही दिसलं की त्या क्षणी आहार बंद, साखर खाली असेल तर लगेच साखर-पाणी, आणि मग डॉक्टर. हे ‘शुद्धीचं लक्षण’ आहे, सहन करा, असं गटात कोणीही म्हणायचं नाही. पुरळ किंवा ताप म्हणजे विष निघणं, ही समजूत मी सर्वांत घातक मानते. तिच्यापायी माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात.

‘एवढं छान वाटतंय तर महिनाभर चालू ठेवू’ असं आठव्या-नवव्या दिवशी कोणीतरी म्हणतंच. नको. जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चाच आहार घेणाऱ्यांचा अभ्यास केला होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली होती, आणि वजन जितकं घटलेलं तितका हा त्रास जास्त. टोमॅटोतलं लायकोपिनसारखं द्रव्य तर शिजवल्यावरच अधिक मिळतं. शिजवणं वाईट नाही, हे गटात ठणकावून सांगावं.

परतीचे चार दिवस

अकराव्या दिवशी दुपारी मऊ मुगाची खिचडी, तूप आणि कोशिंबीर. बाराव्या दिवशी ज्वारीची भाकरी, वरण, एक शिजवलेली पालेभाजी, सोबत ताक. तेराव्या दिवशी उसळ, भात, दही. चौदाव्यापासून नेहमीचं. तळण आणि मिठाई आणखी आठवडाभर लांब ठेवावी, कारण जीभ हलकी झालेली असते तेव्हाच ती परत बिघडवणं सोपं असतं. चहा परत सुरू करायचा तर बिनसाखरेचा किंवा अर्ध्या साखरेचा करून बघा. बरेच जण तिथेच थांबतात.

गट मात्र लगेच मोडू नये. महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, सगळ्यांचा एकत्र कच्चा जेवणाचा डबा चालू ठेवावा. रोजच्या जेवणात काय टिकलं ते तिथे विचारावं: सकाळचं फळ, दुपारची वाटीभर कोशिंबीर, चारच्या बिस्किटाऐवजी दाणे. तयारीच्या आधी ज्यांचं बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी निघालं होतं त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं, आणि ते लक्षात आणून देण्याचं काम जोडीदाराकडे राहू द्यावं.